तारंखालच्या पेट्या

ओढ्याकडच्या आमच्या रानाला पूर्वी 'जांभळाचं वावर' म्हणायचे. बांधाला चार जांभळं होती, एक हिरडा होता आणि मधोमध एक शेंदऱ्या आंबा. लाईन आली आणि झाडं गेली. तेव्हापासून त्या रानाचं नाव 'तारंखालचं' पडलं. सातबाऱ्यावर यातलं कुठलंच नाव नाही, तिथं नुसता गट नंबर.

आमचं गाव कराडच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटाशी. कोयनेचं पाणी पलीकडं पोफळीला पडून वीज झाली, ती साठीच्या दशकात डोंगरावरनं मुंबईला गेली. आमच्या घरात मात्र मी पहिलीत जाईपर्यंत घासलेटची चिमणी होती. वीज आली तीही पाहुण्यासारखी, संध्याकाळी येऊन जेवायच्या वेळेला जायची. त्यामुळं चारशे केव्हीची नवी लाईन आमच्या रानातनं जाणार म्हटल्यावर आम्हा पोरांना आनंदच झाला. एवढी मोठी तार जाते म्हणजे आता दिवे कसे लखलखीत लागतील! माझे चुलते, म्हणजे नाना, म्हणाले, "आरं, गंगा दारावरनं गेली म्हणून रांजण भरत न्हाय." मी तेव्हा सहावीत होतो. रांजणाचा आणि तारेचा काय संबंध ते मला काही उमगलं नाही.

टॉवरला आमच्याकडं कुणी मनोरा म्हणत नाही, 'टावर' म्हणतात. चार पायांचे चार खड्डे, त्यात खडी-सिमिट, मग लोखंडाचे कोन नटबोल्टांनी जोडत जोडत वर गेलेली माणसं. ती वरच बसून भाकरी खायची. तार ओढायला कुणाची परवानगी लागत नव्हती, १८८५ सालच्या टेलिग्राफच्या कायद्यातले अधिकार त्यासाठी वापरले जायचे. तारेच्या दोन्ही बाजू धरून ५२ मीटरचा पट्टा, त्यात उंच झाड ठेवायचं नाही. तलाठ्यानं पंचनामा केला. जांभळं चार, हिरडा एक, आंबा एक. आंब्याला नाना मिठी मारून वगैरे उभे राहिले नाहीत. त्यांनी फक्त शेवटचा पाड उतरवून घेतला आणि लाकूड मोजून घेतलं.

तारेखाली जगणं म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. कोरड्या दिवसांत नुसता घूं घूं आवाज. बुरबुर पावसात किंवा धुक्यात तोच आवाज चरचरीत होतो, जसं काही वर कुणी तव्यावर मिरच्या परततंय. छत्री घेऊन खालनं गेलं की दांड्याच्या लोखंडाला बोट लागल्यावर चिमटा बसतो. बांधाला लाकडी खुंटांवर तारेचं कुंपण केलं तर त्याला हात लावताना बायका आधी 'आई गं' म्हणतात आणि मग हात लावतात. रात्री आम्ही पोरं उडालेली ट्यूबलाईट घेऊन जायचो. हातात उभी धरली की ती फिकट निळसर पेटायची. कशाला जोडलेली नाही, तार नाही, बटण नाही. अख्ख्या गावात लोडशेडिंग आणि आमच्या हातात उजेड! म्हातारी माणसं म्हणायची, भुताटकी हाय. हायस्कूलचे सर म्हणाले, भुताटकी नाही, विद्युत क्षेत्र आहे. आम्हाला दोन्ही शब्द सारखेच लागले.

नानांच्या मधाच्या पेट्या होत्या. खादी ग्रामोद्योगाचं महाबळेश्वरला मधपाळांचं केंद्र आहे, तिथं ते तरुणपणी शिकून आले होते. येताना दोन पेट्या, एक धुराडं आणि तोंडावर बांधायची जाळी एवढं सामान एस्टीच्या टपावर टाकून आणलं. जाळी त्यांनी एकदाही बांधली नाही, ती आजीनं दूध झाकायला घेतली. माश्या सातेरीच्या. एकाआड एक सात पोळी असतात म्हणून सातेरी, असं नाना सांगायचे. मोजायला गेलं तर कधी पाच निघायची, कधी नऊ. आग्या मोहोळाचं एकच पोळं उघड्यावर लोंबतं आणि त्या माशीला माणसाशी काही देणंघेणं नसतं. सातेरी अंधाऱ्या ढोलीत, कपारीत राहते, म्हणून पेटीतही नांदते. पण नांदते म्हणजे मुक्कामाला आल्यासारखी. मनासारखं नसलं की भरला संसार टाकून जाते. नानांच्या भाषेत, "ही माशी म्हंजी माहेरवाशीण. कवा उटंल आन् कवा जाईल, न्हेम न्हाय."

ढोलीतनं वसाहत काढून पेटीत भरताना मी त्यांच्याबरोबर असायचो. पोळं कापून चौकटीला केळीच्या सोपटानं बांधायचं, माश्या ओंजळीनं आत सोडायच्या, राणी सापडली की पहिला घोर मिटला. दाराशी एक बारीक फटींची पट्टी लावायची. कामकरी माशी तीतनं सुटते, राणी अंगानं मोठी म्हणून अडकते. चार दिवस राणी घरात कोंडली की बाकीच्यांचा पाय निघत नाही. पेटी लाकडी घोडीवर, घोडीचे चार पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वर पावसाला आडोसा म्हणून पत्रा. हे सगळं एवढं बारीक सांगतोय त्याला कारण आहे, पत्रा आणि वाट्या पुढं येणार आहेत.

झाडं गेल्यावर तारेखालच्या पट्ट्यात नानांनी कारळा आणि सूर्यफूल टाकलं. फुलं समोर म्हणून दहातल्या सहा पेट्या तिथं ठेवल्या. चार जुन्या जागी, विहिरीच्या काठाला, लाईनपासून दोनेकशे पावलांवर. माश्या एकाच डोंगरातल्या, चौकटी सारख्या, हात नानांचाच.

पहिल्याच आषाढात तारेखालच्या माश्या बिथरल्या. एरवी पाऊस असला की सातेरी गुमान आत बसते. ह्या पेटीच्या अंगावर पसरायच्या, दारातनं आत-बाहेर पळत सुटायच्या, नुसत्या पळायच्या, काम काही नाही. नानांना कधी न चावणाऱ्या माश्या चावायला लागल्या. उन्हाचा दिवस असला की त्यातल्या त्यात बरं, भुरभुर लागली की पुन्हा तेच. दिवाळीपर्यंत सहातल्या चार पेट्या उडून गेल्या. विहिरीकडची एक गेली, ती दरसाल एखादी जातेच.

गावात कारणांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं झाडं तोडली ती देवाची होती. कृषी खात्यातला एक ओळखीचा माणूस म्हणाला, शेजारच्या वांग्यावर फवारणी झाली असेल. हे शेवटचं कारण खरं असू शकलं असतं, पण फवारणीनं माश्या मरून दारात खच पडतो. इथं मेलेली माशी नव्हती. पेटी रिकामी, पोळं शाबूत, कोपऱ्यात थोडा मध तसाच.

नाना चौथी शिकलेले. पण घरात भिंतीवर कालनिर्णय होतं आणि त्याच्या चौकटींत दूध, वाणी, भिशी ह्यांच्या खाली त्यांनी पेन्सिलीनं पेट्या मांडायला सुरुवात केली. 'ता १ ता २ शांत', 'पाऊस, ता ५ बेचैन', 'वि सगळ्या ठीक'. 'ता' म्हणजे तारेखालची, 'वि' म्हणजे विहिरीकडची. मी पुढं बी.एस्सी. केलं, कागदावर कंट्रोल आणि ट्रीटमेंट लिहायला शिकलो, तेव्हा मला त्या कालनिर्णयाची आठवण झाली. नानांना ते शब्द ठाऊक नव्हते, पण काम तेच होतं.

एक दिवस अनवाणी, ओल्या जमिनीवर उभं राहून त्यांनी पेटीचा पत्रा उचलला आणि हात झटकला. "मुंगी चावल्यागत झालं," म्हणाले. पुन्हा लावला, पुन्हा चावली. दुसऱ्या पेटीला लावला, तिथंही. मग विहिरीवर जाऊन तिथल्या पत्र्यांना हात लावून आले. तिथं काही नाही.

आमच्या भागाचा वायरमन जेवायच्या वेळी हटकून आमच्याकडं यायचा. त्याला नानांनी हे सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "नाना, पत्रा वाळल्या लाकडावर अधांतरी हाय. खाली वाट्यातलं पाणी, तेबी अधांतरी. वरच्या तारंचा दाब त्यात उतरतोय. तुमी हात लावला की तुमच्यातनं जमिनीत जातोय, माशी चालली की माशीतनं. अर्थिंग द्या. नि पेटीवरनं कोंबड्याच्या खुराड्याची जाळी टाका, तिलाबी तार बांधून खुट्टी ठोका." नानांनी त्याच दिवशी जुनी जाळी काढली, लोखंडी पहार अडीच हात जमिनीत घातली, तार गुंडाळली. पेट्या जाळीत बसलेल्या पाहून आजी म्हणाली, "आता अंडीबी देतील." उरलेल्या दोन पेट्या त्या पावसात शांत राहिल्या. पुढल्या साली पुन्हा सहा भरल्या, जाळीसकट. एकच उडाली.

तरीही मध कमीच. विहिरीकडच्या पेटीला चार हंगाम नेमानं जेवढा मध, त्याच्या निम्माच तारेखालच्या पेटीला. माश्या चिडक्या त्या चिडक्याच. नानांचं म्हणणं, "चिमटा गेला, पर कायतरी ऱ्हायलंय."

त्यांनी एक अर्ज केला. कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही, माणसं आता निवृत्त झाली. मी बरोबर होतो. टेबलामागच्या साहेबानं अर्ज वाचला, शेजारच्याला दाखवला. "माश्यांना शॉक बसतो म्हणे! मीटर लावून देऊ का त्यांना?" सगळं ऑफिस हसलं. नाना उभेच होते. त्यांनी अर्ज परत मागितला, नीट चार घड्या करून टोपीत ठेवला आणि आम्ही एस्टी धरली. वाटेत ते एवढंच म्हणाले, "माज्या टोपीवर हसलं आसतं तरी चाललं आसतं. हातानं मोजलेल्यावर हसले."

मी हे सगळं विसरून गेलो असतो. पुतणी पुण्याला कीटकशास्त्र शिकायला गेली आणि सुट्टीत आली तेव्हा मी तिला कालनिर्णयाची गोष्ट सांगितली. तिनं काही दिवसांनी मला बसवून जे वाचून दाखवलं, त्यानं माझी झोप उडाली. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ७६५ केव्हीच्या लाईनखाली बर्नार्ड ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधपेट्या ठेवून पाहिल्या होत्या. त्यांचा निबंध १९८१ साली छापून आला. तारेखालच्या माश्या बेचैन, वजन वाढायचं प्रमाण कमी, राण्या गमावलेल्या, थंडीत तगणं कमी. पेटी जितकी उंच, म्हणजे मजल्यावर मजला, तितका त्रास जास्त. आणि पेटीवर जमिनीला जोडलेली तारेची जाळी टाकली की माश्या ठीक. वायरमनची खुराड्याची जाळी! पुढं १९८८ साली त्याच मंडळींनी आणखी एक गोष्ट सुटी करून पाहिली. नुसत्या विद्युत क्षेत्रात, वीज न वाहणाऱ्या जमिनीवर माशी उभी असली तर तिला फारसं काही होत नाही. ती वीज वाहणाऱ्या पृष्ठभागावर चालायला लागली, पायातनं प्रवाह गेला की ती बिथरते. ओल्या लाकडातनं वीज जास्त वाहते. म्हणजे 'पाऊस, ता ५ बेचैन'.

नानांना त्या टेबलासमोर उभं केलं त्या वेळी पहिला निबंध छापून होऊन गेला होता. तो कराडच्या कचेरीत कुणी वाचलेला असावा अशी अपेक्षा मी करत नाही. पण हसायची घाई होती, एवढं मात्र म्हणेन.

एक फरक होता तो पुतणीनं दाखवला. तिकडची पाश्चात्त्य माशी झाडांचा चीक-राळ गोळा करते. तारेखाली तिनं तो जास्तच गोळा केला आणि दार लिंपून घेतलं. आमची सातेरी चीक-राळ गोळा करत नाही म्हटलं तरी चालेल. मग तिच्यापुढं दुसरी वाट कोणती? उठायचं आणि जायचं. हा माझा अंदाज आहे, कुणी मोजलेलं नाही. पण दोन्ही माश्यांचा स्वभाव पाहिलेल्या माणसाला तो पटेल.

जाळी टाकूनही जे 'कायतरी ऱ्हायलंय', त्याचं उत्तर दुसऱ्या वाटेनं मिळालं. तारेभोवती दोन गोष्टी असतात. एक विद्युत क्षेत्र, ते दाबावर म्हणजे व्होल्टेजवर ठरतं. झाड, भिंत, पत्रा, जाळी त्याला अडवतात. दुसरं चुंबकीय क्षेत्र, ते तारेतनं किती प्रवाह वाहतोय त्यावर ठरतं. मुंबईत संध्याकाळी दिवे-पंखे लागले की वाढतं, रात्री उतरतं. त्याला लाकूड अडवत नाही, खुराड्याची जाळीही नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे घेते, तर हे चुंबकत्वही तेवढ्याच वेळा उलटसुलट होतं. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व आपल्या भागात साधारण ४० मायक्रोटेस्ला, आणि ते शांत, एका जागी ठरलेलं. माशीच्या पोटात लोखंडाचे चुंबकीय कण असतात हे १९७८ साली अमेरिकेत दाखवून झालंय. माशी सूर्यावर वाट ठरवते, आणि ह्या चुंबकत्वाचाही तिला पत्ता लागतो.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या सेबॅस्टियन शेफर्ड आणि इतरांनी २०१८ मध्ये ५० हर्ट्झच्या ह्याच चुंबकत्वात माश्या ठेवल्या. लाईनखाली जमिनीशी सापडतं तेवढं, म्हणजे २० ते १०० मायक्रोटेस्ला, आणि तारेच्या मीटरभर जवळ असतं तेवढं, म्हणजे १००० ते ७००० पर्यंत. वास आणि खाऊ यांची सांगड घालायला माशी शिकते, ते शिकणं मंदावलं. उडण्याची ढब बदलली. खाण्यापर्यंत पोचणाऱ्या माश्या कमी झाल्या. पुढल्या वर्षीच्या दुसऱ्या निबंधात, १०० मायक्रोटेस्लाला, शिक्षेतनं शिकणं २० टक्क्यांहून जास्त घटलं आणि परक्या पेटीतल्या माशीवर धावून जाण्याचं मोजमाप ६० टक्क्यांनी वाढलं. चिडक्या त्या चिडक्याच! त्याच विद्यापीठात टोळांवरही काम झालंय. जास्त ताकदीच्या क्षेत्रात टोळांचं चालणं बदललं आणि शरीर ताणात असताना तयार होणारी प्रथिनं वाढली.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो चिलीतला अभ्यास, २०२३ चा. तिथं वीज वाहणाऱ्या टॉवरजवळच्या आणि बंद पडलेल्या टॉवरजवळच्या माश्या ताडून पाहिल्या. म्हणजे टॉवर तोच, लोखंड तेच, फक्त वीज आहे आणि नाही. चालू टॉवरजवळच्या माश्यांत ताणाची प्रथिनं जास्त, तिथल्या पिवळ्या-केशरी खसखशीच्या फुलांवर त्यांच्या फेऱ्या कमी, आणि फुलांना बी कमी. म्हणजे गोष्ट मधावर थांबत नाही, बियाण्यापर्यंत जाते. नानांचा कारळा तारेखाली पातळ भरायचा. ते रानाचा दोष मानायचे.

आता दुसरी बाजू. आमच्या भावकीतले एक काका ह्या सगळ्यावर एकच प्रश्न विचारतात, "मग टावरवर आग्या मोहोळ कसं काय लागतं?" आणि लागतं खरंच, आमच्या टॉवरच्या कोनाला मी दोनदा पाहिलंय. नानांचं उत्तर होतं, "टावर पायापतोर जमिनीत गाडलाय. ते अर्थिंगवरच बसलंय." चिमट्यापुरतं ते बरोबर आहे. चुंबकत्वाचं तसं म्हणता येत नाही. मात्र टॉवरच्या पायाकडचा कोन आणि टोकाला लोंबणारी तार यांत पुष्कळ अंतर असतं आणि हे क्षेत्र अंतरानं झपाट्यानं उतरतं. काकांचं ह्यानं समाधान होत नाही. होऊही नये, त्यांचा प्रश्न चांगला आहे.

आणि सगळं खापर तारेवर फोडायलाही माझा हात धजत नाही. आमच्या खोऱ्यात माशी कमी झाली ती पाणी आल्यावर ऊस आला म्हणून. ऊस तुरा काढायच्या आत तोडतात, काढला तरी त्यात माशीला मध नाही. तणनाशकानं बांधावरचं एकदांडी, कुर्डू, सगळं जाळलं. त्यात १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत सातेरीवर विषाणूचा रोग आला आणि वसाहतीच्या वसाहती बसल्या. तार ही ह्यात एक. पण बाकीच्यांपासून माशीला चार कोस उठून जाता येतं, तारेखाली पेटी ठेवणारा मात्र माणूस असतो. म्हणून ती आपल्या हातातली.

माणसांसाठी ह्या क्षेत्राच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय आयोगानं १९९८ मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी १०० मायक्रोटेस्ला सांगितली होती, २०१० मध्ये ती २०० केली. माणसाच्या अंगाला चालतं म्हणून ठरलेला आकडा आणि ज्यात माशीचं शिकणं बिघडलं तो आकडा, दोन्ही एकाच गावचे. माशीसाठी वेगळी मर्यादा कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

नाना गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पेट्या धाकट्या पुतण्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या सूनबाईनं पुन्हा उभ्या केल्या. बचत गटातनं दोन, मग आठ, आता बावीस. मधापेक्षा तिला दुसरा धंदा बरा सापडलाय. कांद्याचं बी धरणारे शेतकरी फुलोऱ्यात पेट्या भाड्यानं नेतात, कारण माशी फिरली नाही तर कांद्याच्या गोंड्यात बी भरत नाही. धाकट्याच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी त्यातनं निघते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही.

मागल्या वर्षी विहिरीच्या अंगानं चुन्याच्या खुणा पडल्या. नवी लाईन, जुनीच्या बाजूला, अजून मोठी. विहिरीकडची जागा, जी नानांनी 'वि' म्हणून मांडली होती, तीच आता तारेखाली येणार. भरपाईचे नियम आता पूर्वीपेक्षा बरे आहेत. केंद्राच्या २०१५ च्या सूचनांत टॉवरखालच्या जमिनीला किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते, २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के केले. पण मोजायच्या यादीत जमीन, पीक, झाड, विहीर, घर. पेटी हलवता येते, म्हणून ती कशातच बसत नाही.

हलवता येते म्हणणाऱ्यानं पेटी हलवून पाहावी. माशीला आपली जागा पाठ असते. पेटी दोनशे पावलं सरकवली की सकाळी बाहेर पडलेली माशी संध्याकाळी जुन्या जागी येऊन हवेत घिरट्या घालते आणि तिथंच गारठून मरते. हलवायची तर हात-दोन हात, नाहीतर तीन किलोमीटरच्या पुढं. सातेरी चरायला किलोमीटर-दीड किलोमीटर जाते, त्याच्या बाहेर नेलं की तिला सगळंच नवीन आणि ती पुन्हा पाठ करायला बसते. तिथं पंधरवडा राहिली की मग परत आणून नव्या जागी ठेवता येते.

सूनबाईनं मला विचारलं, "भाऊजी, लाईनपासनं किती लांब ठेवायच्या?" पुतणीला फोन लावला. तिनं छातीठोक आकडा दिला नाही. म्हणाली, दोन्ही लाईनी मिळून मधल्या पट्ट्यात तर नकोच. पट्ट्याच्या बाहेर दीडशे-दोनशे मीटर गेलात तर क्षेत्र अगदी थोडं उरतं. झाडाआड ठेवा, पत्र्याऐवजी गवताचं छप्पर करा, आणि घोडीपाशी ओल राहू देऊ नका. सूनबाईनं दोरी घेऊन माप घातलं. आमच्या हद्दीत तशी जागा एकच निघाली, वरच्या ताली, सामाईक. तिथं पेट्या ठेवायला भावकीच्या सह्या लागणार होत्या. टावरवरच्या आग्या मोहोळाचे काका सगळ्यात आधी सही करून गेले.

पंचनाम्याला तलाठी आणि कंपनीची दोन पोरं आली. ऊस किती गुंठे, नारळ किती, लिहून झालं. सूनबाई पुढं झाली. "मधपेट्या बावीस. त्याबी लिवा." तलाठी म्हणाले, ताई, फॉर्ममध्ये रकानाच नाही. "इतर म्हणून हाय न्हवं?" रकाना होता. "पर त्याची किंमत काय धरायची?" तिनं पिशवीतनं वही काढली. कुठल्या शेतकऱ्यानं कुठल्या महिन्यात किती पेट्या नेल्या, किती पैसे दिले, खाली त्याची सही. तलाठ्यांनी वही चाळली, पेन झटकलं आणि 'इतर' पुढं लिहिलं. कंपनीच्या पोरांतला एकजण हसायच्या बेतात होता, त्यानं मोबाईल काढून वहीच्या पानांचे फोटो घेतले. भरपाई मिळेल का ते अजून ठरलेलं नाही, पण बावीस हा आकडा शिक्क्यासकट कागदावर आहे.

त्या आठवड्यातच पेट्या तिच्या माहेरी नेल्या, सहा किलोमीटर. रात्री नऊनंतर, माश्या आत आल्यावर, दाराला ओलं फडकं खोचून, टेम्पोत गवताचा थर घालून. ड्रायव्हरला घाटात हळू जा म्हणून तीनदा सांगितलं. पंधरा दिवसांनी वरच्या ताली परत आणून ठेवल्या तेव्हा एकवीस भरलेल्या होत्या. बाविसावीत मेणकिडा शिरला होता, त्याचा तारेशी काही संबंध नाही.